विटेचे तोडे

चांदीची वीट पहिल्यांदा हातात घेतली तेव्हा माझा खांदा निखळला, असं मी आजवर सगळ्यांना सांगत आलोय. तुम्हालाही तेच सांगतो. वीट होती साबणाच्या वडीएवढी आणि वजनाला एक किलो. पण ज्यानं जन्मात चांदी म्हणून फक्त देव्हाऱ्यातला टाक बघितलाय, त्याच्या हाताला एक किलो चांदी म्हणजे हत्तीचं पिल्लूच वाटतं. सांगलीच्या सराफ पेठेतल्या दुकानात मी ते पिल्लू सांभाळत उभा होतो आणि माझा मामा ते माझ्या हातातून काढून घेऊन चक्क हुंगत होता.

मामाला हुंगायचा अधिकार होता. उमेदीची सगळी वर्षं तो दक्षिणेतल्या एका शहरात गलाईच्या दुकानात होता. गलाई म्हणजे सोनं-चांदी वितळवून शुद्ध करायचा धंदा. आमच्या दुष्काळी भागातल्या माणसांनी हा धंदा देशभर नेलाय. पाऊस नाही पडला की घरटी एक माणूस गाडीत बसून लांबच्या कुठल्यातरी शहरात भट्टी फुंकायला जायचा. मामाचं म्हणणं, चांदीला एक वास असतो आणि भेसळीला दुसरा. त्यानं वीट हुंगली, कानाशी धरून टिचकी मारली, आणि शेवटी दात लावायला निघाला तेव्हा दुकानदार गादीवरून उठला.

“आवं पाव्हणं, खायची न्हाई ती.”

“चावल्याबिगर मी घेत न्हाई,” मामा म्हणाला. “तुमच्या वडलांकडनं बी चावूनच घेत हुतो.”

वडील भिंतीवर हार घालून बसलेले होते, त्यांनी काही हरकत घेतली नाही. मामानं घासाघीस करून दोन चहा आणि एक कॅलेंडर सोडवलं. दर मात्र रतीभर हलला नाही. ऊस असो की डाळिंब, आम्ही कुणालाही हलवून हलवून दमवतो, पण चांदीचा दर कुठल्यातरी परदेशात कुणी कोट घातलेला माणूस ठरवतो आणि त्याला आमचा मामा माहीत नाही.

मी तेव्हा साताऱ्याच्या औद्योगिक वसाहतीत टर्नर होतो. गाव जत तालुक्यात, कर्नाटकाच्या इतकं जवळ की आमची कोंबडी तिकडे अंडं घालायची आणि आम्ही कन्नडमध्ये मागून आणायचो. आजे-पणजे मेंढरामागं फिरलेले. बापानं विहीर पाडून ज्वारी धरली, पण मेंढरं सोडली नाहीत. मला मात्र लोखंडाचा नाद. लेथवर, म्हणजे लोखंड कातायच्या मशीनवर, जॉब फिरायला लागला आणि पात्याखालून लोखंडाची कुरळी साल सुटायला लागली की मला जेवण आठवायचं नाही. एकच इच्छा होती, ती मशीन माझी असावी. दुसऱ्याच्या मशीनवर हात चालतो आणि डोळा घड्याळाकडे राहतो.

पैसे जमवत होतो, पण ते जमत नव्हते. पगार बँकेत पडायचा आणि मोबाईलमधून पाझरायचा. कधी बूट, कधी कुणाच्या वाढदिवसाचा केक. म्हणून ठरवलं, की पैशाला असं रूप द्यायचं जे चहाच्या टपरीवर चालणार नाही.

खोलीवर माझ्यासोबत एक दोस्त राहायचा, कोरेगावकडचा, रिटायर सुभेदाराचा पोरगा. त्यानं मला वेड्यात काढलं. “गड्या, चांदी घ्यायचीय तर मोबाईलवर घे की. बोट दाबलं, घेतली. बोट दाबलं, इकली. कुलूप न्हाई, चोर न्हाई.”

“हातात काय येतं पण?”

“हातात मोबाईल हाय की.”

“आमच्याकडं जे हातात धरता येत न्हाई त्याला चांदी म्हणत न्हाईत.”

“मग तुमच्याकडं मोजतात कशात, मेंढरात?”

“व्हय,” मी म्हणालो, कारण खरंच होतं.

तर वीट घेतली. खोलीवर ठेवायची सोय नव्हती, तिथं चार जणांत मिळून एक कुलूप आणि त्याची किल्ली हरवलेली. म्हणून सांगलीहून थेट गाव गाठलं. जेवणाच्या डब्यात भाकरीखाली वीट. मी ज्या बाजूला बसलो त्या बाजूला एसटी कलली, कंडक्टर म्हणाला, पाव्हणं, जरा मधी सरका. मिरजेच्या पुढं सगळ्या गाडीचा डोळा माझ्या डब्यावर आहे असं मला वाटत होतं. शेजारच्या म्हाताऱ्यानं शेवटी विचारलंच, की बाळा, एवढं कवटाळून बसलायस, कालवण कशाचं हाय.

घरी आईच्या हातात वीट दिली. म्हणालो, “आये, ही जपून ठीव. लय कामाची हाय.”

आईनं वीट बघितली, मला बघितलं, डोक्यावरचा पदर सारखा केला. “व्हय बाबा. ठिवते की.” आणि अशी गोड हसली की मला तिथंच शंका यायला हवी होती. आमच्या आईचं हसू दसरा-दिवाळीला निघतं.

पुढं साताऱ्यात एक अजब साथ आली. चांदी चढायला लागली. आज चढली, उद्या चढली, परवा थोडी बसली आणि तेरवा उडी मारून उठली. सगळा कारखाना पागल झाला. जो सुपरवायझर आम्हाला मायक्रोमीटरनं छळायचा तो कँटीनमध्ये येऊन विचारायचा, काय रं, आज काय भाव. वॉचमन गेटवर गाडीचा नंबर लिहायच्या ऐवजी भाव लिहायचा. एकानं बायकोला न विचारता जोडवी विकली आणि आठवडाभर कारखान्यातच झोपला. माझा दोस्त दिवसात इतक्या वेळा बोट दाबायचा की त्याच्या अंगठ्याचा ठसा पुसला गेला आणि हजेरीच्या मशीननं त्याला ओळखायचं बंद केलं. घाबरून विकायचा, चढली की चुकलो म्हणून पुन्हा घ्यायचा. मी आपला निवांत. माझी वीट जतला आईच्या पेटीत, तिला ना अंगठा ना मोबाईल.

गणपतीच्या सुमारास मशीनची खबर लागली. माधवनगरला एका बंद पडलेल्या यंत्रमागाच्या शेडमध्ये एका म्हाताऱ्या मिस्त्रींचं छोटं वर्कशॉप होतं. लेथ इतकी जुनी की तिच्यावर पहिला जॉब भीमाच्या गदेचा झाला असावा, पण बेड, म्हणजे तिचा सपाट पाया, आरशासारखा. त्यावर बोट फिरवलं आणि मला गाणं सुचलं. मिस्त्री लेकीकडं पुण्याला राहायला निघाले होते.

“भंगारवाला रोज येऊन बघून जातो,” ते म्हणाले. “मी त्याला थांबवलंय. खंडेनवमीला हिची शेवटची पूजा करणार. दसऱ्याला कुणीतरी चालवणारा आला तर त्याची. न्हाईतर भंगारवाल्याचं तरी पोट भरंल.”

“मी येतो,” म्हणालो. “चांदी हाय माझ्याकडं.”

“चांदी मला नको. चांदीचं पैसं करून आण.”

किती आणायचे ते ठरलं. विटेचं जे येईल त्यात सहज भागत होतं. त्याच रविवारी मी घरी गेलो.

“आये, वीट काढ. इकायची हाय.”

आई चुलीपुढनं उठली नाही. “कुठली वीट?”

“आगं आये, चांदीची.”

“ती व्हय.” मग परत तेच हसू. आत गेली, पेटी उघडली, लाल फडक्याची गाठोडी आणून माझ्या मांडीवर ठेवली. गाठ सोडली तर आत तोडे. पायातले. जोडी. पिळाचे, जाड, दोन अजगर आपापली शेपटी तोंडात धरून झोपल्यागत. सगळी वीट त्या दोन अजगरांनी गिळली होती.

मला काही वेळ मराठी येईना आणि कन्नडही येईना.

“मजुरी म्यां दिली,” आई अभिमानानं म्हणाली. “दोन बोकडं इकली. तुला एक पैसा पडला न्हाई.”

आता तुम्ही म्हणाल, कुणाची आई असं करते. आमच्याकडची प्रत्येक. मेंढरामागं फिरणाऱ्या माणसाला घर नसतं, कपाट नसतं, आज ह्या माळाला मेंढरांचा वाडा, उद्या त्या. त्यामुळं आमच्यात चांदी ठेवत नाहीत, घालतात. बायकांच्या पायात, दंडात, पुरुषांच्या कमरेला. बायको चालली की बँक चालली. आणि बिनलग्नाचा पोरगा स्वतःच्या पगाराची चांदी आणून आईच्या हातात देतो, वर म्हणतो लय कामाची हाय, याचा अर्थ आमच्या शिवारात एकच होतो. पोरगा लग्नाला तयार झालाय आणि लाजेनं बोलत नाही. मी बारा गावचं पाणी प्यायलेला टर्नर, पण हे माझ्या ध्यानात आलं नाही, आणि तिच्या ध्यानात दुसरं काही येणं शक्य नव्हतं.

“आये, हे मोडायला लागतील. मला मशीन घ्यायचीय.”

“हे तुझं न्हाईत.”

“मग कुणाचं?”

“माझ्या सुनंचं.”

“कुठाय सून?”

“येईल की.”

“आली न्हाई तवर माझंच की मग.”

“आली न्हाई तवर मी तिच्या वतीनं बसलीया,” आई म्हणाली आणि गाठोडी उचलून पेटीत टाकून पेटीवर बसली. “तिला इचार. ती व्हय म्हणली तर ने.”

आप्पा, म्हणजे माझे वडील, दारात बसून दोरी वळत होते. त्यांच्याकडं बघितलं. ते म्हणाले, “कायद्यानं बरोबर हाय तिचं.” कुठला कायदा ते मी विचारलं नाही.

म्हणजे बघा माझी गत. माझ्या घामाची चांदी, तिची मालकीण अशी एक बाई जी अजून अस्तित्वात नाही, आणि दसऱ्याच्या आत मला तिची परवानगी हवी. जगात कुठल्या बँकेनं असली अट घातली नसेल. मी साताऱ्याला परत जाऊन दोस्ताला सांगितलं तर तो पलंगावरून खाली पडला, खरंच पडला. “बायको शोध मग,” तो खालूनच म्हणाला. “मोबाईलवर असती तर बोट दाबलं असतंस.”

पितृपक्षात स्थळं बघत नाहीत. तो एकेक दिवस मी भंगारवाल्याच्या हातगाडीचा आवाज ऐकत काढला. घट बसले आणि आई नऊ दिवसांच्या उपासाला बसली, पण उपासानं तिच्यात दुप्पट जोर आला. मामाला बोलावलं. मामानं दोन दिवसांत स्थळ आणलं, आमच्यापासून दोन गावं पलीकडं, मेंढरंवाल्यांचंच घर. पोरगी शिकलेली, गावच्या दूध डेअरीवर दुधाची फॅट काढायची.

पाहायला गेलो. मी, आई, आप्पा, मामा आणि गाठोडी. आईनं तोडे बरोबर घेतले होते. समोर पोरीचे वडील आणि आजी. आजीला कन्नडशिवाय काही येत नव्हतं. तिनं एक तोडा उचलला, वर-खाली केला आणि “बेळ्ळी” म्हणाली. चांदी, एवढंच. पण असं म्हणाली की सगळ्या चौकशा तिथंच संपल्या. मामा लगेच कस किती, घडण कशी यावर बोलायला लागला. मामा बोलायला लागला की पाहुण्यांच्या म्हशी दूध आटवतात, म्हणून मी मध्येच तोंड घातलं.

“मला एक सांगायचंय. हे तोडे मला इकायचं हायत.”

आईनं पदराआडून मला असा चिमटा काढला की त्याची खूण आज दाखवता येईल.

पोरगी पोह्याचं ताट ठेवून निघाली होती, ती थांबली. “तोडं कुणाचं हायत?”

“तुझंच,” आई घाईनं म्हणाली. “तुझंच की गं बाई.”

“माझं हायत तर इकायचं त्यांनी का काढलं?”

“तेच इचारायला आलोय,” मी म्हणालो.

“म्हंजे पोरगी बघायला न्हाई आला?”

“दोन्हीला आलोय.”

“आदी काय?”

मी खरं बोललो. “आदी मशीन.”

तिचे वडील खोकले. मला वाटलं, उठा म्हणतात आता. पण ती तिथंच खाली बसली, डेअरीवर दुधाची किटली पुढं घ्यावी तशी तिनं ती गाठोडी पुढं घेतली. “कसली मशीन?”

मी सांगितलं. पंपाचे शाफ्ट, रसाच्या चरकाचे रूळ, ट्रॅक्टरच्या पिना. लोखंडाची साल कशी निघते तेही सांगितलं, हातानं दाखवलं. बोलता बोलता पोह्यांवरचं खोबरं सगळ्या खोलीत उडालं.

“रोज चालंल?”

“लाईट असली तर.”

“आणि न्हाई चालली तर?”

“लोखंडाच्या भावानं जाईल.”

“आणि हे इकलं न्हाई तर?”

“वाढंल. न्हाईतर पडंल. ह्याचं कुणाला कळत न्हाई. दोन म्हैन्यांत चढलंय तसं दोन आठवड्यांत उतरंल बी. पर नुसतं बसून काय काम करत न्हाई ते.”

तिनं दोन्ही तोडे उलटेपालटे करून बघितले. भिंतीवरचं घड्याळ बंद होतं, तरी मला त्याची टिकटिक ऐकू आली. मग तिनं एक तोडा उचलला, फाकवला, डाव्या पायात चढवला आणि दाबून बसवला. दुसरा जमिनीवरून माझ्याकडं सरकवला. तो फरशीवर घरंगळत आला आणि माझ्या गुडघ्याला लागून आडवा झाला.

“एक मशीनला,” ती म्हणाली. “एक हितं. मशीन बुडाली तर एका पायावर तरी उभं ऱ्हाऊ.”

शेवटी तिचे वडील म्हणाले, “म्हंजे ठरलं म्हणायचं का?”

“तोडा घालून आत चालली की ती,” आप्पा म्हणाले. “आता काय ऱ्हायलं?”

पण खरी परीक्षा सांगलीत होती. सराफाकडं एकटा तोडा घेऊन जाणाऱ्या तरण्या माणसाकडं जग कसं बघतं, याचा तुम्हाला अनुभव नसेल. मामाला घेऊन मी दुसऱ्याच पेढीवर गेलो, तर तिथला सराफ म्हणाला, “जोडी कुठाय?”

“पायात हाय.”

“कुणाच्या?”

“होणाऱ्या बायकोच्या.”

“आणि तिनं एकच काढून दिला?” त्यानं नोकराला डोळ्यानं दार लावायला सांगितलं. मामा ओरडायला लागला, की ही वीट मी चावलीय, माझ्या दाताची खूण असंल हिच्यात. त्यानं प्रकरण आणखी बिघडलं. मग मी पोरीला व्हिडिओ कॉल लावला. आमचं लग्न ठरल्यानंतरचं ते पहिलं बोलणं. ती डेअरीवर, मागं किटल्यांची रांग. मी म्हणालो, जरा पाय दाखव. माझ्या मागं सराफ, नोकर आणि दोन गिऱ्हाइकं, तिच्या मागं सगळं गाव.

तिनं मोबाईल खाली केला. तोडा दिसला. सराफ चष्मा पुसून म्हणाला, “जरा टाच फिरवा, घडण बघू द्या.”

“आवं शेठ,” आवाज आला, “पाय बघायचं पैसं येगळं पडतील.”

सगळी पेढी हसली. सराफ लाजला आणि त्यानं तोडा काट्यावर ठेवला.

आता इथं हसू आवरून एक सांगतो, कारण कारखान्यातली पोरं अजून फोन करून विचारतात, की चांदी घ्यावी का. तो तोडा मोडला तेव्हा मला खरा हिशेब कळला. घडवताना डाख, म्हणजे जोडाचा टाका, लागला होता, तो वितळल्यावर चांदी म्हणून मोजत नाहीत. कस उतरला, वितळवण्यात वजनाची घट गेली, आणि मजुरीची दोन बोकडं तर कुणाच्या हिशेबातच नव्हती. अर्ध्या विटेचे म्हणून जे यायला हवे होते त्याहून चांगलेच कमी आले. भाव चढला नसता तर मी रडत घरी गेलो असतो. म्हणून पोरांना सांगतो, घ्या, पण विकायची असेल तर विटेची वीट राहू द्या, नाणं असेल तर नाणं. पगारातनं थोडी थोडी घ्या, सगळा पगार घालू नका, आणि कर्ज काढून तर बोटही लावू नका. ती व्याज देत नाही, दूध देत नाही, कोकरू देत नाही. मोबाईलवर घेतली तर घट लागत नाही हे खरं, पण माझ्या दोस्ताला विचारा, चांदीचा भाव वाढला आणि तो मात्र जिथं होता तिथंच राहिला. बोटाला लगाम नाही. आणि आईकडं ठेवायला देणार असाल तर कशासाठी आहे ते तोंडानं नीट सांगा.

दसऱ्याला मी माधवनगरला मिस्त्रींच्या पुढ्यात पैसे ठेवले. ठरल्यापेक्षा कमी होते. म्हणालो, “एकाच पायाचं आलं.” सगळी हकीकत सांगितली. शेडच्या दारात भंगारवाला हातगाडीला टेकून उभा होता, तोही ऐकत होता. मिस्त्री ऐकता ऐकता हसून खुर्चीत इतके हलायला लागले की मला वाटलं, म्हातारा माझ्या नावावर जातोय. मग डोळे पुसून म्हणाले, “उरलेलं मशीन चालवून दे. म्हैन्याला थोडं थोडं. त्या पोरीला घेऊन ये एकदा, पाय बघायचाय.” त्यांनी आपट्याचं पान माझ्या हातात ठेवलं आणि मशीनचं बटण मला दाबायला लावलं. भंगारवाल्यानं हातगाडी वळवली, पण जाताना पेढा मागून घेतला.

तुळशीच्या लग्नानंतर आमचं लग्न झालं. नवरी मंडपात आली ती एका पायात तोडा घालून, आणि चालताना जराशी डावीकडं कलत. वऱ्हाडातल्या बायकांनी आधी नाकं मुरडली. पुढच्या यात्रेत पाहतो तर निम्म्या पोरींच्या एकाच पायात तोडा. नवी तऱ्हा आलीय म्हणे. जतच्या बाजारात सोनार आता तोडे सुटे विकतात. हे खोटं वाटत असेल तर स्वतः जाऊन बघा, भाडं मात्र माझ्याकडं मागू नका.

मिस्त्रींचे पैसे फिटले. लेथ त्यांच्याच शेडमध्ये चालते, रात्रपाळीलाही काम असतं. आई आल्या-गेल्याला सांगते, की मी तोडे केले म्हणून पोराला मशीन मिळाली, नाहीतर वीट त्यानं कधीच फुंकली असती. मी तिच्याशी वाद घालत नाही, कारण ती अजून पेटीवर बसू शकते.

आता मला मिलिंग मशीन हवीय. एक चांगली बघूनही ठेवलीय, कुपवाडला. चांदी परत चढलीय. बायको आता माधवनगरच्याच डेअरीवर असते; संध्याकाळी ती तिथून शेडवर येते, पिंपावर बसून चहा पिते आणि मी जॉब मोजता मोजता तिच्या डाव्या पायाकडं बघतो. नुसतं बघतो, बोलत काही नाही.

“मशीन कुठली?” ती विचारते.

मी सांगतो. काय काय निघेल तिच्यावर, गिऱ्हाईक कोण, लाईट किती खाईल. ती सगळं ऐकून घेते, मध्ये एक-दोन असे प्रश्न टाकते की मला परत जाऊन हिशेब करावा लागतो. मग कप खाली ठेवते आणि डावा पाय हळूच लुगड्याच्या आत ओढून घेते.

“ही पयली कमवून आणंल की तिला,” म्हणते, आणि लेथकडं बोट दाखवते.